नदीकाठी की नदीपाशी? पदपथ आणि घाट यांतला फरक

मागच्या हिवाळ्यात आत्याला व्हीलचेअरवरून नदीकाठच्या एका उद्यानात नेलं. आत्या वाईची. लहानपणी शाळा सुटली की कृष्णेत पाय बुडवल्याशिवाय घरी जात नसे. उद्यान छान होतं. गुळगुळीत फरशी, झाडांना पार, चाक कुठे अडलं नाही. टोकाला स्टीलचा कठडा होता. आम्ही उभे होतो, आम्हाला खाली पाणी दिसत होतं. आत्या बसलेली, त्यामुळे कठड्याचा वरचा पाइप नेमका तिच्या डोळ्यांसमोर आला. तिने मान खाली घालून पाहिलं, उंच करून पाहिलं आणि विचारलं, "नदी कुठाय रे?"

तेव्हापासून मी नदीकाठचं कुठलंही उद्यान पाहिलं की आधी हे पाहतो: इथून नदी नुसती दिसते, की तिच्यापर्यंत जाताही येतं? 'नदीकाठ सुधारणा' म्हटलं की या दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली येतात. एक आहे नदीकाठचा पदपथ, ज्याला सगळे प्रोमेनाड म्हणतात. दुसरा घाट. रंगीत चित्रात दोन्ही सारखेच दिसतात: दगडी काठ, दिवे, फिरणारी माणसं, शेजारी निळं पाणी. प्रत्यक्षात दोन्हींचं काम वेगळं आहे.

पदपथ नदीला समांतर जातो. तुम्ही त्याच्यावरून चालता, नदी बाजूला राहते. घाट नदीकडे तोंड करून उतरतो. त्याच्यावर चालण्यापेक्षा उतरणं, बसणं, थांबणं जास्त. मला मात्र खरा फरक पाण्याच्या पातळीत दिसतो.

आपल्या नद्या जून ते सप्टेंबर फुगतात आणि उरलेले आठ महिने आक्रसतात. पुण्यातल्या मुठेचं तर धरणामुळे आणखी टोकाचं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. विसर्ग थांबला की काही दिवसांत त्याच पात्रात लोक गाड्या लावायला लागतात. अशा नदीच्या काठावर एकाच उंचीचा पदपथ बांधायचा तर तो नेमका कुठे बांधणार? उंचावर बांधला तर आठ महिने पाणी खाली, लांब. खाली बांधला तर पावसाळ्यात तो बुडणार आणि ओसरल्यावर वर घोटाभर गाळ. घाटाची एक पातळी नसतेच. पाणी उन्हाळ्यात विसाव्या पायरीला असेल, ऑगस्टमध्ये चौथ्या. कुठल्याही दिवशी एक पायरी अशी सापडते जिच्यावर बसून पाय पाण्यात सोडता येतात. बांधणाऱ्यांनी नदीचं चढणं-उतरणं आधीच हिशेबात धरलेलं असतं.

वाईला गेलात तर ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू बघा. हे देऊळ रास्त्यांनी अठराव्या शतकात बांधलं, अगदी घाटावर. पाठीमागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन्हीकडे फाकतं. पूर येणार, देवळात शिरणार, हे गृहीत धरून केलेलं हे काम आहे. घाटाच्या पायऱ्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत शेवाळाचा काळपट हिरवा पट्टा दिसतो आणि त्याच्या वर दगड एकदम कोरडा, फिकट. तो पट्टा पाहून मुलांनाही कळतं की पाणी कुठवर येऊन गेलंय. नाशिकला हेच काम गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती करतो. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावर गावाला पुराचा अंदाज येतो. कोल्हापूरकर पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत वाचतात, ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका. पाण्यापर्यंत रोज जाणाऱ्या गावालाच पाणी असं वाचता येतं. कठड्याआडून वर्षभर नुसती नदी पाहणाऱ्याला ही जाण येत नाही, आणि पूर अचानक आला असं त्याला दर वेळी वाटतं.

पदपथाच्या खालची भिंत वेगळी बघायला हवी. काठावर उभी संरक्षक भिंत बांधायची, मागे भराव टाकायचा आणि त्यावर पदपथ, ही पद्धत साबरमतीला अहमदाबादेत वापरली. तिथे शहराच्या हद्दीतल्या मोठ्या टप्प्यात नदीची रुंदी एकसारखी २६३ मीटर केली आहे. तिथे दोन पातळ्यांवर पदपथ आहेत, अधूनमधून घाटही आहेत, आणि पाणी नर्मदेच्या कालव्यातून भरलेलं असल्यामुळे पातळी फारशी बदलत नाही. त्यामुळे तिथे पाण्यालगतचा पदपथ चालून जातो. मुळा-मुठेचं गणित तसं नाही. इथे उताराच्या जागी उभी भिंत आली की पुराला पसरायची जागा कमी होते आणि पाणी वर चढतं. पुण्याच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं. त्यावरच्या वादाचा मोठा भाग याच एका मुद्द्याभोवती फिरतो. आराखड्याच्या चित्रांत पदपथही आहेत आणि पायऱ्याही आहेत. म्हणूनच कुठल्या टप्प्यात काय, हे विचारणं गरजेचं आहे.

घाट म्हणजे सगळंच बरोबर, असंही नाही. नाशिकला रामकुंड परिसरात पात्राच्या तळालाच काँक्रीट झालं. ते काढून मूळचे झरे मोकळे करावेत म्हणून नाशिककर वर्षानुवर्षे भांडत आहेत. पायरी काठाला असावी, तळाला नव्हे. मैलभर सलग घाटही नको. दोन घाटांच्या मध्ये मातीचा काठ, गवत, वाळुंज, पक्ष्यांना जागा असावी. आणि जुन्या घाटांचा सर्वांत मोठा दोष आत्यासारख्यांना कळतो: पायऱ्या उंच, हाताला धरायला काही नाही, चाकाला तर वाटच नाही. वाईच्या घाटावर आज ती वरच्या पायरीवरच बसते. इथे पदपथाचं मोल मान्य करायलाच हवं. सपाट, दिवे असलेला, संध्याकाळी बायकांना एकटीने चालता येईल असा रस्ता घाटाने कधी दिला नाही.

मग दोन्ही एकत्र करता येतात का? येतात, पण जागा लागते. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार १:१२ धरला तर चार मीटर खाली उतरायला ४८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, शिवाय मध्ये थांबायला सपाट टप्पे. एवढी लांबी उभ्या भिंतीत मिळत नाही, पण घाटाच्या पायऱ्यांना तिरका छेद देत नेलेल्या उतारात सहज मिळते. सिंगापूरच्या बिशान-आंग मो क्यो उद्यानात २०१२ मध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने केलं. तिथे कल्लांग नदी २.७ किलोमीटरच्या सरळ काँक्रीट कालव्यात कोंडलेली होती. कालवा फोडून तिला वळणं दिली, गवताचे आणि दगडांचे उतार दिले. एरवी मुलं दगडांवरून नदी ओलांडतात. जोराचा पाऊस आला की भोंगे वाजतात, लोक उतार चढून वर येतात आणि उद्यानाचा तोच भाग पुराचं पात्र होतो. आपल्याकडे पूर तास-दोन तासांत ओसरत नाही आणि धरणाचा विसर्ग रात्रीही सुटतो, हे खरं. पण धरणातून पाणी सोडण्याची सूचना आपल्याकडे आधी मिळते. ती उद्यानातल्या भोंग्याला जोडणं कठीण नाही.

उद्यानांचाच आग्रह का, तर काठावरच्या जमिनीचं तेच एक सरळ सार्वजनिक रूप उरलं आहे. महाराष्ट्रात निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घरं-इमारती बांधायच्या नाहीत, पण उद्यान, मैदान असा मोकळा वापर चालतो. म्हणजे नदीपाशी जायची वाट उद्यानानेच द्यायची आहे. पुण्यातल्या बंडगार्डनचं नावच शेजारच्या बंधाऱ्यावरून आलेलं, जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेल्या बंधाऱ्यावरून. नदीमुळे जन्मलेल्या बागेत बसणाऱ्याला पाण्याला हात लावता यावा, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

तुमच्या भागात असं काम निघालं आणि हरकती-सूचना मागवल्या, तर रंगीत चित्र बाजूला ठेवा आणि आडवा छेद मागा. छेद म्हणजे काठ सुरीने कापल्यासारखा बाजूने दाखवणारं रेखाचित्र. त्यात भिंत उभी आहे की उतार, हे लपत नाही. त्या कागदावर दोन रेषा आखून घ्या: उन्हाळ्यातली पाणीपातळी आणि निळी पूररेषा. दोन्हींच्या मधल्या जागेत माणूस उभा राहू शकतो का ते पाहा. राहू शकत नसेल तर तो पदपथ आहे, नाव काहीही दिलेलं असो. फाटक दुपारी बंद राहणार का, खाली उतरायच्या वाटेला कुलूप कोणाच्या ताब्यात, पूर ओसरल्यावर गाळ किती दिवसांत काढणार, हेही तेव्हाच लिहून घ्या. गाळ महिनाभर तसाच राहिला की दगडाला चिकटतो, पायऱ्या निसरड्या होतात, एखादा घसरतो, आणि मग सुरक्षेच्या नावाखाली तिथे कायमची जाळी बसते. मी हे एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि पाणी. मुठेत पावसाळा सोडला तर वाहतं ते बहुतांशी शहराचं सांडपाणी. मैलापाणी नाल्यांतून थेट नदीत येणं थांबत नाही, तोवर उतरलेल्या पायरीचा शेवट गटारात होतो. त्यामुळे घाटाआधी त्या टप्प्यात येणारे नाले अडवलेत का, हा पहिला प्रश्न. पायरीजवळच्या पाण्याचा नमुना दर महिन्याला तपासून त्याचा निकाल तिथेच फलकावर लावला, तर कुठल्या महिन्यात मुलांना पाण्यात सोडायचं हे आईबापांना ठरवता येईल.

गेल्या महिन्यात आत्याला पुन्हा वाईला नेलं. दोघांनी दंडाला धरून तीन पायऱ्या उतरवलं, तेवढ्यात दम लागला. पाणी अजून सात-आठ पायऱ्या खाली होतं. शेजारी धुणं धुणाऱ्या बाईंनी न विचारता तांब्याभर पाणी वर आणून तिच्या पायांवर ओतलं.