मूल चालत नाही आणि मांडीचं हाड मोडलंय?

आमच्याकडे स्प्लिंटच्या (पाय स्थिर ठेवणाऱ्या आधाराच्या) मापाला येणारे पालक बहुतेकदा आधी हेच सांगतात: "पडला नाही हो, नुसते कपडे बदलत होते." तसं होतं, स्वतःला दोष देत बसू नका. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), स्पायना बिफिडा (मणक्यातला जन्मजात दोष) किंवा स्नायूंच्या आजारामुळे मूल उभं राहत नसेल, तर हाडांवर भार येत नाही आणि ती विरळ होतात. फिट्सच्या काही औषधांनी 'ड' जीवनसत्त्वही घटतं. हाड मोडतं ते बहुधा गुडघ्याच्या जरा वर. गुडघा आखडलेला असेल तर पाय थोडा ओढला गेला तरी पुरे.

मांडी सुजली, गरम लागली, पाय हलवला की मूल रडलं, तर एक्स-रे काढा. स्पायना बिफिडात बऱ्याचदा दुखणं जाणवतच नाही. सूज, लाली, कधी ताप, एवढंच दिसतं आणि जंतुसंसर्ग समजून दिवस जातात. एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय आम्ही स्प्लिंट बनवत नाही.

इथे हाड अगदी सरळ जुळण्याचा हट्ट नसतो. दुखणं थांबावं, मुलाला नीट बसवता यावं, स्वच्छता राखता यावी, हे महत्त्वाचं. तुकडे फारसे सरकले नसतील तर भरपूर कापूस घातलेलं स्प्लिंट साधारण 4 ते 6 आठवडे पुरतं. कंबरेपासूनचं प्लास्टर बरेच डॉक्टर टाळतात: आत जखमा होतात, हाडं आणखी विरळ होतात आणि प्लास्टर काढल्यावर पुन्हा मोडू शकतात. हाड मधोमध मोडलं किंवा स्नायूंच्या ताठरपणामुळे तुकडे सरकत राहिले, तर लवचिक सळ्या किंवा प्लेट बसवतात. तो निर्णय डॉक्टरांचा.

मापाला येताना मुलाची नेहमीची खुर्ची आणाच. सरळ पायाचं स्प्लिंट घालून खुर्चीत बसता आलं नाही, तर मूल महिनाभर आडवंच राहतं. गुडघा ज्या कोनात आखडलाय त्याच कोनात आम्ही स्प्लिंट करतो, ओढून सरळ करत नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर स्प्लिंट रोज उघडून टाच, घोटा, गुडघ्याची वाटी बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्याच दिवशी या, आम्ही तिथला कापूस बदलून देऊ.

ड्यूशेन (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार) असलेल्या मुलाला हाड मोडल्यावर एक-दोन दिवसांत धाप लागली किंवा गुंगी आली तर आमच्याकडे नको, थेट हॉस्पिटलात न्या. हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात गेलेली असू शकते.

स्प्लिंट निघाल्यावरही काही आठवडे पाय नाजूकच असतो. उचलताना दोघांनी उचला आणि एकाचा हात मांडीखाली राहू द्या.