बी फ्रीजमध्ये, सबसिडी हायब्रीडला: शेती धोरणात जैवविविधता आली कशी

आता कुठलाही सरकारी कागद उघडा, शेती आणि जैवविविधता हे दोन शब्द जोडीने दिसतात. पण ही जोडी जमायला पन्नासेक वर्षं गेली, आणि खरं सांगायचं तर अजूनही संसार वेगवेगळाच आहे.

सुरुवात १९६५-६६ पासून करू. लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ, अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदतीच्या कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर देश चाललेला, सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री, आणि १९६६ ला मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. त्याच्या आगेमागेच अन्न महामंडळ आलं, भाव ठरवणारा आयोग आला (दोन्ही १९६५) आणि १९६६ चा बियाणे कायदा आला. आज बसून त्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण तेव्हा पोटाचा प्रश्न होता, हे विसरून चालत नाही.

फक्त या सगळ्यात एक बारीक गोष्ट घडली. कायद्यात प्रमाणित बियाणं म्हणजे सरकारने नोटिफाय केलेल्या वाणाचंच, आणि ते एकसारखं पाहिजे. गावरान वाण एकसारखं नसतंच ना, काही ताटं उंच, काही बुटकी, काही आधी पिकतात काही मागून, आणि पाऊस दगा देतो तेव्हा तेच कामाला येतं. म्हणजे गावरान बियाण्यावर बंदी कोणी घातली नाही, ते नुसतं यादीबाहेर राहिलं, आणि अनुदान, कर्ज, खरेदी सगळं यादीतल्याला.

आपल्याकडे १९६४ ला सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. पुढे 'हायब्रीड' हे त्या धान्याचंच नाव होऊन बसलं, हायब्रीडची भाकरी म्हणायचे लोक, आणि ते काही कौतुकाने नाही. ज्वारीतल्या तुरीच्या ओळी, कडेची अंबाडी, मधेच मटकी-हुलगा, आणि घरातल्या बायकांनी राख लावून मडक्यात ठेवलेलं बी हे सगळं हळूहळू मागे पडत गेलं.

जुनी वाणं हरवण्याचा धोका शास्त्रज्ञांना तसा लवकर कळला होता. भातावर ग्रासी स्टंट नावाचा व्हायरस आला तेव्हा फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले, आणि रोग झेलणारा जीन सापडला कुठे, तर उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या जंगली भातात! १९७६ मध्ये दिल्लीच्या पुसा परिसरात राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरो उभा राहिला, तिथल्या जीन बँकेत, म्हणजे बियाण्यांच्या साठवणगृहात, उणे १८ अंशाला आज चार लाखांवर नमुने आहेत. चांगलंच आहे ते. पण फ्रीजमधल्या बियाण्याला बदलता पाऊस, नवी कीड काही माहीत होत नाही, ते शेतातच शिकतं.

मग १९९२ चा रिओचा जैवविविधता करार. त्याच्या कलम ६ मध्येच आहे की जैवविविधता प्रत्येक खात्याच्या धोरणात मिसळा. आपल्याकडे झालं काय, करार गेला पर्यावरण मंत्रालयाकडे. दुसरीकडे १९९५ ला डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना आली, नवी वाणं काढणाऱ्यांना त्यावर हक्क द्या म्हणून, ती फाईल कृषी मंत्रालयाकडे. त्यामुळे दोन खाती, दोन कायदे.

२००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा कृषीचा. त्यातलं कलम ३९ भारीच आहे, शेतकरी संरक्षित वाणाचं बीसुद्धा ठेवू, पेरू, देऊ, विकू शकतो, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. २०१९ ला पेप्सिकोने चिप्सच्या बटाट्यावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर केस टाकली तेव्हा हे कलम घरोघरी कळलं, बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने केस मागे घेतल्या.

२००२ चा जैविक विविधता कायदा पर्यावरणचा. गावोगावी समिती, आणि पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांनी ज्याचा पाठपुरावा केला ते लोकांचं जैवविविधता रजिस्टर, म्हणजे गावातल्या झाडं-पिकं-प्राण्यांची नोंदवही. कल्पना फार सुंदर, पण मी पाहिलेली दोन-तीन रजिस्टरं कोणा एजन्सीने कॉपी-पेस्ट केलेली होती, एका कोरडवाहू गावात तर खारफुटीची झाडं लिहिलेली! आणि शेतीच्या योजना आखताना ते रजिस्टर कोणी उघडत नाही.

२०१६ ला कॅनकूनच्या परिषदेत देशांनी पुन्हा जाहीर केलं की शेती, वनं, मासेमारीत जैवविविधता आणू. आपल्याकडे त्याआधीच लोकांनी काम सुरू केलं होतं, अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. २०१८ ला सरकारने ज्वारी-बाजरी-नाचणीला 'पोषक धान्य' म्हणायला सुरुवात केली, २०२३ भरडधान्य वर्ष झालं. महाराष्ट्राने २०२२ ला जीन बँकेसाठी पाच वर्षांना १७२ कोटी मंजूर केले, केंद्राने २०२४ ला नैसर्गिक शेती मिशनला २,४८१ कोटी. सरकारी गोदामात मात्र आजही मुख्यतः गहू आणि तांदूळच.

मला यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते ओडिशाचं. मिलेट म्हणजे भरडधान्य मिशनमध्ये त्यांनी आदिवासी शेतकऱ्यांनी जपलेली नाचणीची वाणं गोळा केली, शेतावर लावून बघितली, आणि कुंद्रा बाटीसारखी काही अलीकडे अधिकृत वाण म्हणून रिलीज केली. एकसारखं नाही म्हणून ज्या यादीबाहेर राहिली होती, त्याच यादीत.