रात्रभर प्रवास, उजाडताना भूखंडमंचाची कड

उन्हाळ्याच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून पक्षीनिरीक्षकांना घेऊन काही बोटी रात्री निघतात आणि उजाडण्याच्या सुमारास किनाऱ्यापासून जवळपास १६० किलोमीटरवर, हडसन घळई या समुद्रतळावरच्या खोल दरीपाशी पोहोचतात. प्रवासाला रात्र लागते ती समुद्रतळाच्या ठेवणीमुळे. तिथला भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्याला लागून असलेला पाण्याखालचा सपाट भाग, रुंद आणि उथळ आहे. खुल्या समुद्रातले पक्षी प्रामुख्याने त्याच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे जिथून तळ खोल समुद्राकडे उतरू लागतो (खंडान्त उतार) तिथे मिळतात. ताशी वीस किलोमीटर वेगाने चालणाऱ्या बोटीला ते अंतर कापायला सुमारे आठ तास लागतात, आणि ते अंधारातच कापले तर निरीक्षणासाठी अख्खा दिवस हाती राहतो.

घळईला मूळ नदीचे आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि हडसन नदी आज पाण्याखाली असलेल्या भूखंडमंचावरून वाहत त्याच्या कडेजवळ समुद्राला मिळत होती. आज या कडेवर खोल पाण्यातली पोषणद्रव्ये वर येतात. शिवाय गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहापासून सुटलेले कोमट पाण्याचे प्रचंड भोवरे अधूनमधून इथवर सरकतात. कोमट आणि थंड पाणी जिथे भिडते, त्या रेषेवर सारगॅसम हे तरंगते शेवाळ आणि त्याच्या आश्रयाचे छोटे जीव गोळा होतात. म्हणूनच निघण्यापूर्वी उपग्रहाने टिपलेले पाण्याच्या तापमानाचे नकाशे पाहिले जातात. ऑडुबॉन्स शिअरवॉटर हा उष्ण कटिबंधातला पक्षी तिथे दिसेल की नाही, हे बऱ्याच अंशी अशा रेषेवर ठरते.

या सफरींतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे या पक्ष्यांचे घ्राणेंद्रिय. बोटीमागे माशांचे तुकडे आणि माशांचे तेल सोडले जाते. पाण्यावर तेलाचा लांब पट्टा पसरतो आणि थोड्या वेळाने, मघाशी रिकाम्या दिसणाऱ्या समुद्रावर, वाऱ्याच्या उलट दिशेने स्टॉर्म-पेट्रेल हे छोटे समुद्रपक्षी येऊ लागतात. वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, सूक्ष्म प्राण्यांकडून खाल्ले जाताना डायमिथाइल सल्फाइड हा वायू बाहेर पडतो. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रातले काही पक्षी या वायूच्या वासाकडे ओढले जातात, हे संशोधक गॅब्रिएल नेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले. आपल्या डोळ्यांना सगळीकडे सारखाच वाटणारा समुद्र या पक्ष्यांना वासाच्या कमी-अधिक दाट प्रदेशांत विभागलेला जाणवत असला पाहिजे. जेमतेम ३५ ते ४० ग्रॅम वजनाचा विल्सन्स स्टॉर्म-पेट्रेल अंटार्क्टिकाच्या परिसरात वीण करून उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात इथपर्यंत येतो.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवे: रात्री उघड्यावरचे दिवे शक्य तितके मंद ठेवावेत. उजेडाने भांबावलेले स्टॉर्म-पेट्रेल बोटीवर आदळतात किंवा डेकवर अडकून पडतात.

सगळीकडे रात्र घालवावी लागत नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या हॅटरस इथे भूखंडमंच अरुंद असल्याने पहाटे निघालेली बोट संध्याकाळी परतते. तिथे दिसणारा ब्लॅक-कॅप्ड पेट्रेल एकेकाळी नामशेष झाला असावा असे मानले जात होते. १९६३ साली हैतीच्या डोंगरांत त्याची वीण पुन्हा आढळली. अशा पक्ष्याचे समुद्रावरचे जीवन जाणून घ्यायचे तर बोटीवरच्या नोंदी अनमोल ठरतात. त्यासाठी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर खोल समुद्रातली यादी जास्तीत जास्त एका तासाची ठेवावी लागते, कारण चालत्या बोटीची दिवसभराची एकच यादी केली तर कोणता पक्षी नेमका कुठे होता, हे कळत नाही.

हाच विल्सन्स स्टॉर्म-पेट्रेल पावसाळ्याच्या आसपासच्या महिन्यांत अरबी समुद्रात, कोकणासमोरही असतो. मात्र मुंबईसमोरचा भूखंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, म्हणजे हडसन घळईइतक्याच अंतरावर असूनही तिथले पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आहे. न्यूयॉर्कच्या बोटीच्या वेगाने मुंबईहून कड गाठायला पंधरा तास लागतील. दक्षिणेकडे जावे तसा हा मंच अरुंद होत जातो, त्यामुळे तिथून कड गाठणे पुष्कळ सोपे आहे.