रांगणे व वाचनक्षमता

रांगणे म्हणजे तळहात व गुडघे टेकून, उजव्या हाताबरोबर डावा गुडघा अशा आलटून-पालटून चालीने अर्भकाचे पुढे सरकणे. शब्दाचे मूळ संस्कृत ‘रिङ्ग्’ धातूत असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांत ही क्रिया सुरू होण्याचा पल्ला ५.२ ते १३.५ महिने असा लांब आहे, पाहणीतील ४.३ टक्के मुले हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कोणी पोटावर सरकते, कोणी बसल्या बसल्या ढुंगणावर घसरते, कोणी थेट उभे राहते.

न रांगलेल्या मुलाचे वाचन पुढे अडते, या समजाचा उगम बहुधा अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे भौतिकोपचारतज्ज्ञ ग्लेन डोमन व शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ कार्ल डेलाकाटो यांच्या मांडणीत आहे (१९५० चे दशक). तिचे बीज मेंदूशल्यविशारद टेंपल फे यांच्याकडे जाते. मूल वाढताना उत्क्रांतीच्या पायऱ्या पुन्हा चढते, एक पायरी चुकली की मेंदूचा एक गोलार्ध नीट प्रबळ होत नाही आणि वाचन बिघडते, असा हा तर्क. त्यामुळे वाचनात मागे पडलेल्या शाळकरी मुलालाही रांगायला लावत. मेंदूला गंभीर इजा असलेल्या मुलाला मेजावर निजवून तीन ते पाच माणसे त्याचे डोके व हातपाय ठरावीक तालात हलवत. तर्काचा पायाच कच्चा होता: पायऱ्यांची ही कल्पना जीवशास्त्राने आधीच टाकून दिली होती. १९६६ मध्ये संशोधक रॉबिन्स यांच्या चाचणीत सिद्धान्ताला आधार मिळाला नाही. अमेरिकन बालरोग अकादमीने १९६८, १९८२ व १९९९ मध्ये या पद्धतीविरुद्ध सावध केले.

रांगू लागल्यावर खोली व अंतराची जाण वाढते, हे मात्र प्रयोगांतून दिसते. तेथून अक्षरओळखीपर्यंतचा पूल कोणी बांधलेला नाही. वाचनाचा अंदाज ध्वनींची जाण, शब्दसंग्रह व अक्षरपरिचय यांवरून अधिक चांगला बांधता येतो. गोव्यात घरी कोकणी आणि शाळेत मराठी असलेले मूल ‘कि’ व ‘की’ यांत अडखळले, तर आधी मराठीशी त्याची ओळख किती, हे पाहावे. गुडघ्यांची चौकशी नंतर.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर, त्यातही पावसाळ्यात ती ओलसर असताना, गुडघे घसरतात आणि मूल पोटावरच सरकत राहते. चटई अंथरून गुडघे उघडे ठेवले की पकड येते. अकाली जन्मलेल्या मुलाचे वय मोजताना जितके आठवडे आधी जन्म झाला तितके वजा करावेत. एकच हात वापरणे, एक पाय ओढत नेणे, अंग ताठ किंवा फार सैल असणे, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय न बसणे किंवा अठरा महिन्यांनंतरही न चालणे, यांपैकी काही आढळल्यास बालरोगतज्ज्ञाला दाखवावे.