पैसे जाताना जरा टोचलं पाहिजे

मागच्या जुलैमधे एका रविवारी पोरगी झोपल्यावर आम्ही दोघांनी एक खेळ केला. जून महिन्यात बाहेरच्या खाण्यावर, म्हणजे हॉटेल, पार्सल, ऑफिसखालचा वडापाव, चहा, कुल्फी या सगळ्यावर मिळून किती गेले असतील ते आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, एकमेकांना न दाखवता. मी लिहिलं ३०००. नवऱ्याने २५००, आणि वर मलाच म्हणाला की तू जरा जास्तच धरलंयस. मग यूपीआयची हिस्ट्री काढली, बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि बेरीज करत बसलो. ७८४० रुपये. मला वाटलं सासूबाईंच्या औषधांचे पैसे चुकून धरले गेले असणार म्हणून परत बेरीज केली. नव्हते धरले.

दोघंही दिवसभर ऑफिसात एक्सेल शीटमधेच डोकं घालून बसणारी माणसं, तरी ही गत. आकडा चुकला ते ठीक, पण दोघांचाही एकाच बाजूला, कमीच कसा चुकला, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हापासून मी यावर जमेल तसं वाचतेय आणि घरात एक दोनशेपानी वही सुरू झालीय. हा लेख त्या दोन्हीबद्दल.

आधी आजीची एक गोष्ट. आजीला शंभराची नोट मोडायला जिवावर यायचं. दहा रुपयांची मिरची घ्यायची असली तरी ती घरभर चिल्लर शोधायची, कारण तिचं म्हणणं, नोट मोडली की संपलीच. आम्ही हसायचो. २००९ मधे प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव या दोन संशोधकांनी नेमकं हेच प्रयोग करून दाखवलं, एकूण रक्कम तीच असली तरी हातात एक मोठी नोट असेल तर माणूस खर्च करायला कचरतो आणि सुटे असतील तर पटकन करतो. आजीने अर्थातच यावर पेपर लिहिला नाही.

हे जे जिवावर येणं आहे, त्याला अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राच्या सीमेवर काम करणारे लोक पैसे देण्याची वेदना म्हणतात. ड्रॅझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या दोघांनी १९९८ मधे त्याची नीट मांडणी केली. वस्तू मिळण्याचा आनंद आणि पैसे जाण्याची टोचणी, दोन्ही डोक्यात एकाच वेळी चालू असतात आणि टोचणी जितकी वस्तूपासून लांब ढकलाल तितकी खरेदी सोपी होते. मग २००७ मधे ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी २६ लोकांना एमआरआयच्या यंत्रात झोपवून खरेदी करायला लावली. पडद्यावर आधी वस्तू, मग तिची किंमत, मग घेणार की नाही ते बटण. वस्तू आवडली की मेंदूतला न्यूक्लियस अकम्बन्स नावाचा भाग जागा व्हायचा, किंमत फार वाटली की इन्सुला नावाचा, आणि या हालचालींवरून माणूस बटण दाबायच्या आधीच तो घेणार की नाही याचा अंदाज बांधता येत होता, अगदी पक्का नाही पण नाणेफेकीपेक्षा बरा. आता इन्सुला घाण वास आला तरी जागा होतो, दुखलं तरी होतो, इतरही बऱ्याच वेळी होतो, त्यामुळे पैसे देताना मेंदूला चटका बसल्यासारखंच दुखतं असं जे छातीठोक सांगितलं जातं ते मला जरा अतीच वाटतं. पण किंमत बघून आत काहीतरी आखडतं हे खरं.

आणि हे आखडणं काढूनही टाकता येतं. प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मधे छापलेल्या प्रयोगात एमआयटीच्या एमबीएच्या मुलांना बोस्टनच्या बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं की पैसे रोख द्यायचे, काहींना सांगितलं कार्डाने. मॅच तीच, तिकीट तेच, आणि कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या साधारण दुप्पट. ही सगळी पैशाचा हिशोब शिकायला आलेली मुलं होती बरं का.

इथे कोणीही म्हणेल की क्रेडिट कार्डात पैसे नंतर जातात, यूपीआयमधे तर त्याच क्षणी खात्यातून जातात, मग टोचायला पाहिजे की. मलाही आधी तसंच वाटलं होतं. याचं उत्तर टोरांटो विद्यापीठातले दिलीप सोमण यांच्या २००१ च्या कामात मिळतं, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या, पैसे लगेच गेले का ही एक, आणि देताना ती रक्कम डोक्यात घोळली का ही दुसरी. त्यांच्या प्रयोगात लोकांना घरातली बिलं भरायला लावली, कोणाला चेक लिहून तर कोणाला कार्डाने, आणि मग एक चैनीची वस्तू दाखवून विचारलं, घेणार का. चेकवर रक्कम हाताने लिहावी लागते, एकदा आकड्यात आणि एकदा अक्षरी, त्यामुळे त्या लोकांना आधी किती गेलंय ते जास्त नीट आठवत होतं आणि ते नवीन वस्तूला जास्त वेळा नको म्हणत होते. म्हणजे टोचणीसाठी पैसे जाणं पुरत नाही, ते गेलेले लक्षात राहावे लागतात.

यूपीआय २०१६ मधे आलं आणि ऑगस्ट २०२३ मधे पहिल्यांदा एका महिन्यात १००० कोटींच्या वर व्यवहार झाले. सोय अफाट आहे, मी काही परत रोखीवर जाणार नाहीये, पण बघा ना, पैसे लगेच जातात आणि घोळत मात्र काहीच नाही. कोड स्कॅन, चार-सहा आकडी पिन, टिंग. त्यात गंमत म्हणजे टपरीवरचा तो छोटा स्पीकर "पंधरा रुपये प्राप्त झाले" असं चारचौघात ओरडून सांगतो, पण ते दुकानदारासाठी, तोवर आपण चहाचा कप उचललेला असतो.

आठवण्यावरून एक वेगळाच किस्सा, आपल्याच देशातला. लोक महिन्याला किती खर्च करतात हे सरकारला कळतं ते घरोघरी जाऊन विचारूनच. १९५० मधे सुरू झालेली नॅशनल सॅम्पल सर्व्हे हेच करते, आणि तिच्यामागे होते संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस. त्यांच्यापुढे प्रश्न पडला की माणसाला गेल्या आठवड्याचं विचारायचं की गेल्या महिन्याचं? कारण महिना विचारला तर माणूस विसरतो आणि आठवडा विचारला तर दहा दिवसांपूर्वीची खरेदीसुद्धा "परवाच तर आणली" म्हणून आत ढकलतो. त्यांनी प्रत्यक्ष वजनमापाशी ताडून बघितलं तेव्हा महिन्याचा आकडा खऱ्याच्या जास्त जवळ निघाला, आणि पुढची कित्येक वर्षं ३० दिवस हीच मुदत राहिली. नंतर १९९० च्या दशकात काही घरांना ७ दिवसांची मुदत देऊन बघितलं तर खाण्याचा खर्च इतका वाढला की त्या हिशोबाने देशातली गरिबी जवळजवळ अर्ध्यावर येत होती! कोणाच्या ताटात घासभरही वाढलं नव्हतं, फक्त प्रश्न बदलला होता. १९९९-२००० च्या पाहणीत एकाच घराला दोन्ही मुदतींचं शेजारीशेजारी विचारलं आणि मग अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं त्यावर भांडत बसले, त्यात पुढे नोबेल मिळालेले अँगस डीटनही होते.

हल्लीच्या पाहणीत भाजी, फळं, अंडी, चहापाणी, तयार खाणं याचं ७ दिवसांचं विचारतात, धान्याचं ३० दिवसांचं, आणि कपडे, भांडीकुंडी, फ्रीज वगैरेंचं ३६५ दिवसांचं. थोडक्यात कोणती गोष्ट माणसाच्या डोक्यात किती दिवस टिकते याचा तो नकाशाच आहे. आणि २०२३-२४ च्या आकड्यांत शहरी घरात खाण्यापिण्यातला सगळ्यात मोठा वाटा धान्य किंवा दुधाचा नाहीये, तो पेयं आणि तयार खाण्याचा आहे, एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जे सगळ्यात लवकर विसरतं तिथेच सगळ्यात जास्त जातंय. आमचे ७८४० तिथलेच.

बरं आम्ही काही उधळी माणसं नाही. कोथिंबिरीची जुडी वीसला म्हणाली की मी पंधराला मागते आणि नाही दिली तर पुढच्या भाजीवालीकडे जाते. आणि याच बाईने गेल्या वर्षी मोबाईल घेताना त्याच्या कव्हर आणि काचेचे ९०० रुपये एका शब्दाने न विचारता दिले, कारण पंचवीस हजारात नऊशे काय! एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९८१ मधे लोकांना विचारलं होतं की ५ डॉलर वाचवायला २० मिनिटं गाडी चालवत दुसऱ्या दुकानात जाल का. १५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरसाठी ६८ टक्के हो म्हणाले, १२५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरसाठी २९ टक्के. पाच डॉलर दोन्हीकडे तेच. यातली पुढची गोष्ट मात्र मला जास्त आवडली. अनुज शाह, एल्डर शफीर आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २०१५ मधे दाखवलं की हातात पैसा कमी असणारे लोक ही चूक कमी करतात, त्यांना पाच म्हणजे पाचच दिसतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना गोडेतेलाचं पाकीट या आठवड्यात कितीला आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात कितीला आणि बाजारात कितीला, हे तोंडपाठ असतं. मी एकदा वही दाखवली तर म्हणाल्या, "एवढं लिहायला लागतं होय ताई तुम्हाला?" काय बोलणार.

आता वहीबद्दल. नियम दोनच आहेत, ज्याने खर्च केला त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं आणि रात्री झोपायच्या आत लिहायचं. आपोआप वर्गवारी करून रंगीत गोल काढून देणारी अॅप्स आम्ही वापरून बघितली, छान असतात, पण ती आपल्यासाठी लक्षात ठेवतात आणि इथे तर आपल्याच लक्षात राहायला पाहिजे ना. जपानमधे हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मधेच घरखर्चाची अशी वही काढली होती, काकेइबो म्हणतात तिला, आणि तीही हातानेच भरायची.

वहीत एक रकाना आहे, नाव "यंदापुरतं". म्हणजे जो खर्च नेहमीचा नाही, फक्त या वेळचा आहे तो तिथे. जुलैत भाचीचं बारसं. ऑगस्टमधे फ्रीजचा गॅस आणि राखी. सप्टेंबरात गणपतीला गावी जायची गाडी. ऑक्टोबरमधे पोरीचा चष्मा, मग दिवाळी, मग डिसेंबरात दोन लग्नं आणि गीझर. प्रत्येक खर्च खरंच एकदाचाच होता, पण सहा महिन्यांची त्या रकान्याची बेरीज निघाली ४१ हजार. अॅबिगेल ससमन आणि अॅडम ऑल्टर यांनी २०१२ मधे नेमकं यावरच लिहिलंय, माणूस नेहमीचा खर्च बऱ्यापैकी बरोबर सांगतो पण अपवादाचा खर्च कमी धरतो, कारण प्रत्येक अपवाद तो एकटा बघतो, आणि एकेकटा बघितल्यामुळे त्यावर जास्तही उडवतो. आम्ही आता दर महिन्याला सात हजार कशासाठी ते न ठरवताच बाजूला टाकतो. काहीतरी येतंच, कधी लग्न, कधी गीझर.

आजीचे डबे होते, तुरीच्या डब्यात दुधाचे पैसे आणि मेतकुटाच्या डब्यात शाळेच्या फीचे, आणि फीचे पैसे दुधाला अजिबात लावायचे नाहीत, भले दूधवाला दारात उभा का असेना. पैसा सगळीकडे सारखाच, तरी माणूस त्याला नावं देऊन वेगळा ठेवतो, या सवयीवर रिचर्ड थेलर यांनी आयुष्यभर काम केलं आणि २०१७ मधे त्यांना नोबेल मिळालं. सोमण आणि अमर चीमा यांनी भारतातल्या खेड्यातल्या मजुरांबरोबर केलेला प्रयोग तर थेट आजीचाच. बचतीची रक्कम पाकिटात बंद करून दिली, काहींना एका पाकिटात आणि काहींना तीच रक्कम दोन पाकिटांत, आणि काही पाकिटांवर त्यांच्या मुलांचा फोटो लावला. दोन पाकिटंवाल्यांची बचत जास्त टिकली, फोटोवाल्यांचीही. एक पाकीट फोडलं तरी दुसरं फोडायच्या आधी परत थांबावं लागतं, परत विचार करावा लागतो. आम्ही बँकेत वेगळं खातं काढलंय, पण खरं सांगू का, अॅपमधून तिथले पैसे इकडे आणायला आठ सेकंद लागतात आणि त्याला झाकणही नाही.

वहीवरून भांडणं झाली का? झाली. नवऱ्याला दहा रुपये पार्किंगचे द्यायलाही टोचतं आणि मला जरा कमीच टोचतं. स्कॉट रिक आणि सहकाऱ्यांनी २०११ मधे दाखवलं की चिंगूस आणि उधळे लोक लग्नाला एकमेकांनाच निवडतात, आणि मग त्याच फरकावरून भांडतात. आम्हाला ते वाचून फार बरं वाटलं, म्हणजे आमचं काही वेगळं नाही चाललेलं. एकमेकांच्या पानावर शेरे लिहायचे नाहीत हे त्यानंतर ठरलं.

बाहेरचं खाणं ऑगस्टमधे ४६०० वर आलं, नोव्हेंबरात परत ६२०० झालं कारण पंधरा दिवस वही सासूबाईंच्या औषधांच्या पिशवीत जाऊन बसली होती आणि कोणी शोधलीही नाही, जानेवारीत परत खाली. पोरीने मधल्या चार पानांवर मांजरी काढल्यात, त्या तारखांचा खर्च त्यांच्या शेपट्यांखाली आहे.

काल रात्री नवऱ्याने लिहिलं, चहा १५, चहा १५, सेल ४०, आणि मग पेन तसंच धरून बराच वेळ बसला. मी विचारलं, काय रे, काय झालं? म्हणाला, अजून एक कायतरी होतं, साठ की ऐंशीचं, आठवत नाहीये, थांब, मोबाईल नको देऊस, आठवू दे मला.