जेवून उठल्यावरचा तास

सकाळी नऊच्या सुमारास इंदूरच्या कुठल्याही चौकात पोहे-जिलबीच्या गाडीभोवती ऑफिसला निघालेल्यांची गर्दी असते. वाफेवर गरम राहिलेले पोहे, वर शेव, कांदा, जीरावन मसाला आणि सोबत जिलबी. दहा मिनिटांत प्लेट संपते. माणूस स्कूटरला किक मारतो, विजयनगर किंवा सुपर कॉरिडॉर गाठतो, लिफ्टने वर जातो आणि खुर्चीत बसतो. पोह्यांतल्या स्टार्चमुळे आणि जिलबीतल्या साखरेमुळे रक्तातली साखर शिखराला पोहोचायला साधारण पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे रक्तात साखर सर्वांत जास्त असते, नेमक्या त्याच वेळी ती खर्च करू शकणारे शरीरातले मोठे स्नायू, मांड्या आणि पोटऱ्या, टेबलाखाली निवांत पडलेले असतात. दुपारच्या डब्यानंतर हेच होतं आणि रात्रीच्या जेवणानंतर टीव्हीसमोर पुन्हा हेच.

बैठं काम म्हटलं की बहुतेकांना आधी पाठदुखी आठवते, नाहीतर सुटलेलं पोट. पाठ दुखते तेव्हा ती स्वतःहून सांगते. जेवणानंतर चढणारी साखर काहीच सांगत नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवं.

स्नायूंच्या पेशी रक्तातलं ग्लुकोज आपोआप आत घेत नाहीत. ते आत नेणारं ‘ग्लूट-४’ नावाचं प्रथिन पेशीच्या पोटात राखून ठेवलेलं असतं. इन्सुलिनचा संकेत मिळाला की ते पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि ग्लुकोज आत घेऊ लागतं. मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या माणसात हाच संकेत क्षीण होत जातो. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन सोडतं, काही वर्षं कसंबसं निभावून नेतं आणि शेवटी थकतं. पण स्नायू आकुंचन पावला, की ग्लूट-४ इन्सुलिनची वाट न पाहताही पृष्ठभागावर येतं. चालणाऱ्या पायाला साखर मिळवायला इन्सुलिनच्या परवानगीची गरज नसते. शरीरशास्त्रातली ही गोष्ट प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर लावावी इतकी मोलाची आहे, असं मला मनापासून वाटतं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2012 साली याची चाचणी प्रसिद्ध केली. वजन जास्त असलेल्या लोकांना गोड पेय देऊन काही तास बसवलं. एका दिवशी सलग, दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटं रमतगमत चालून. चालण्याच्या दिवशी साखरेची चढण सुमारे पाव हिश्शाने कमी भरली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या 2023 च्या प्रयोगात वेगवेगळी अंतरं तपासली, तेव्हा दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालणं सर्वांत गुणकारी ठरलं. त्यात माणसं जेमतेम अकरा होती, त्यामुळे पाच मिनिटांचा आकडा दगडावरची रेघ समजू नये. मात्र अशा अनेक छोट्या प्रयोगांचा कल एकाच बाजूला आहे. नुसतं उभं राहण्याचा फायदा थोडा, हळूहळू चालण्याचा बराच जास्त. उंच टेबलापाशी उभं राहून काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तासन्‌तास एका जागी उभं राहिल्याने पायांच्या शिरा फुगण्याचं दुखणं मागे लागू शकतं ते वेगळंच.

आपल्याकडे जेवून उठल्यावर शतपावली घालायची रीत होती. रामबागेतल्या, नंदलालपुऱ्यातल्या जुन्या घरांत आजोबा मंडळी हात धुऊन अंगणात किंवा गच्चीवर फेऱ्या मारत. ती सवय फ्लॅटमध्ये आल्यावर सुटली. ती परत आणायला ना पैसे लागतात ना ट्रॅकसूट.

बसण्याचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघे एकाच बसमधले, एकाच शहरातले, पगारातही फार फरक नाही. एक दिवसभर बसलेला, दुसरा दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा. 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कंडक्टरांना हृदयविकार कमी होताना दिसला आणि झालाच तर तो कमी जीवघेणा असे. टपाल खात्यातही तेच आढळलं, पत्रं वाटणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुस्थितीत होते. मॉरिस यांचं मोठेपण पुढे दिसतं. आपल्याच निष्कर्षात खोट आहे का, हे पाहायला त्यांनी या लोकांना मिळणाऱ्या गणवेशांची मापं काढली. ड्रायव्हरांच्या पँटी कमरेत आधीपासूनच रुंद होत्या. म्हणजे सगळा दोष सीटचा नव्हता, मुळात जाडसर माणसं ड्रायव्हर होत होती. बसण्याचा परिणाम त्याने खोटा ठरला नाही, पण कमरेचा घेर दुर्लक्ष करण्यासारखा नाही हेही त्यातून समजलं.

या घेराच्या बाबतीत आपली, म्हणजे भारतीयांची, गोष्ट वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला दोघेही बारीकच. आपल्यातल्या पुष्कळांच्या शरीरात स्नायू कमी आणि पोटातली चरबी जास्त असते, आणि वजनकाट्याला ती दिसत नाही.

माझ्या धाकट्या भावाचं तसंच झालं. तो पलासियाजवळच्या एका ऑफिसात अकाउंट्स पाहतो, अंगाने काटक, कॉलेजात घेतलेली जीन्स अजून होते. ऑफिसच्या तपासणीत एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा, 6.1 टक्के आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मी फोन केला तर म्हणाला, “ताई, लॅबची गडबड असेल. मी कुठे जाड आहे?” मग वहिनीने शिवणकामाची टेप काढली. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून. भरलं 93. भारतीय पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. जीन्स पोटाखाली बांधली जात होती, म्हणून होत होती. त्याने जिमची फी भरली नाही. जेवणानंतर दहा मिनिटं ऑफिसच्या मागच्या गल्लीत चालणं आणि चार मजले पायी चढणं सुरू केलं. दुपारच्या चहातली साखरही बंद केली.

चहाचा हिशोब एकदा करून बघा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला वरून घेतलेली साखर दिवसाला साधारण 50 ग्रॅमच्या आत आणि जमल्यास 25 च्या आत ठेवायला सांगते. जिलबी अजून मोजलेली नाही.

आता बसल्या जागी तळहात पोटरीवर ठेवा आणि पाऊल न हलवता टाच उचला. हाताखाली जो गोळा घट्ट होतो, त्याचं काम फक्त टाच उचलण्याचं नाही. पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवायला पोटरीचा स्नायू पंपासारखा शिरा पिळतो, आणि शिरांमधल्या झडपा रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. निश्चल उभ्या माणसाच्या पावलाशी शिरांतला दाब पाऱ्याच्या 90 मिलिमीटरच्या आसपास असतो, चालू लागल्यावर तो 30 च्या खाली उतरतो. संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकची रेघ पायावर उमटते, चप्पल आवळते, पाय भरून येतात, ते हा पंप दिवसभर बंद राहिल्यामुळे. लांबलचक मीटिंगमध्ये उठता येत नसेल तेव्हा टाचा उचलणं-ठेवणं जरूर करावं. (एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर व्यायाम नको, त्याच दिवशी डॉक्टर. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.)

पाठीचं थोडक्यात. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचं पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपत येतं आणि हालचालीने त्याला मदत होते. त्यामुळे आदर्श खुर्ची शोधण्यापेक्षा बसण्याची ढब वरचेवर बदलणं महत्त्वाचं. डोळ्यांचं असं, की स्क्रीनकडे पाहताना पापण्या लवण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. मे महिन्यात बाहेर माळव्याची कोरडी हवा आणि आत एसी असला की अश्रूंचा थर लवकर उडतो आणि डोळे चुरचुरतात. अधूनमधून दूर पाहावं आणि मुद्दाम पापण्या मिटाव्यात.

रोज तासभर घाम गाळणाऱ्यांनी फार घाबरू नये. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं एकत्र विश्लेषण 2016 मध्ये झालं. दिवसाला 60 ते 75 मिनिटं बऱ्यापैकी जोमाने हालचाल करणाऱ्यांमध्ये आठ तास बसण्याने वाढणारा मृत्यूचा धोका जवळजवळ पुसला गेलेला दिसला. पण नोकरी, मुलं आणि आईवडिलांची औषधं सांभाळून रोज एवढा वेळ किती जणांना मिळतो? ज्यांना मिळत नाही, त्यांच्यासाठीच हे दहा-दहा मिनिटांचं चालणं आहे.

रात्रपाळीवाल्यांची स्थिती जास्त अवघड. शरीराच्या घड्याळानुसार तेच जेवण सकाळपेक्षा रात्री साखर अधिक चढवतं, कारण रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत मध्यरात्री भुट्ट्याचा कीस आणि वर रबडी खाऊन लगेच गाडीत बसणं ही त्यातली सर्वांत वाईट वेळ. सराफा सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, इंदूरकराला ते सांगून उपयोगही नाही. पण राजवाड्यापर्यंत पायी जा, एक चक्कर मारा, मग गाडी काढा. पाळीवरच्या दिवशी मुख्य जेवण कामावर निघण्याआधी घ्यावं आणि रात्री दोन वाजता भूक लागली तर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, दही असं काहीतरी हलकं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा आणि चालणं बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, साखर एकदम उतरू शकते.

हे सगळं एकट्या कर्मचाऱ्याच्या इच्छाशक्तीवर सोडणं मला पटत नाही. मॉरिस यांचे कंडक्टर काही व्यायामाचा निश्चय करून पायऱ्या चढत नव्हते, त्यांचं कामच तसं होतं. कितीतरी ऑफिसांत जिन्याचं दार कुलूपबंद असतं, दिवा नसतो, पायऱ्यांवर जुन्या फायलींची खोकी रचलेली असतात. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आणि त्यातली दहा मिनिटं मायक्रोवेव्हच्या रांगेत जातात. टीम सांभाळणाऱ्यांनी जिना मोकळा करून घ्यावा, दीड ते अडीचच्या मध्ये कॉल लावू नयेत, आणि दोघातिघांचं बोलणं असेल तर खोली बुक न करता चालता चालता बोलावं. सुट्टी पंधरा मिनिटांनी वाढवायची मागणी मनुष्यबळ विभागाकडे करायची असेल, तर ती एकट्याने न करता सगळ्या मजल्याने मिळून लेखी द्यावी.