ऊस, निवडुंग आणि रात्री उघडणारी रंध्रं

पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री ब्रह्मकमळ फुलायला आलं की कोल्हापुरात राजारामपुरी असो नाहीतर कसबा बावडा, शेजारीपाजारी गोळा होतात, फुलाला हळदीकुंकू वाहिलं जातं आणि सकाळपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसवर तेच फूल दिसतं. कुंडीतलं हे झाड निवडुंगाच्या कुळातलं आहे हे सांगितलं, की बहुतेकांना पटत नाही. काटे कुठे आहेत? पानं तर चांगली हातभर लांब आहेत!

पण ती पानं नाहीत. तो चपटा झालेला खोडाचाच भाग आहे. कळी कुठून फुटते ते नीट बघा. त्या 'पाना'च्या कडेला ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि कळी बरोबर खाचेतून बाहेर येते. वाळवंटातल्या निवडुंगांना काट्यांचा झुबका फुटतो तो अशाच जागी, आणि त्यांची फुलंही तिथूनच येतात. आपलं हे ब्रह्मकमळ मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं. तिथल्या ओल्या जंगलात ते दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं. (हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

निवडुंगाच्या कुळात दीड हजारांहून जास्त जाती आहेत आणि एखादा अपवाद सोडला तर सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. त्यातल्या अनेकींनी कोरड्या प्रदेशांत बस्तान बसवलं. पान म्हणजे पाणी उडून जायला मोठी मोकळी जागा, म्हणून त्यांनी पानं जवळजवळ टाकूनच दिली आणि त्यांच्या जागी काटे आले. काटे जनावरांना दूर ठेवतातच, शिवाय दाट असले तर खोडावर सावली धरतात आणि गरम वारा थेट लागू देत नाहीत. अन्न तयार करायचं काम हिरव्या खोडाकडे गेलं. खोडावर मेणाचा जाड थर, आत पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत गर. मुळं खोल जात नाहीत. जमिनीच्या वरच्या थरातच चहूबाजूंना लांबवर पसरतात, कारण वाळवंटातली सर खाली मुरायच्या आत गाठावी लागते. पाऊस पडला की काही तासांतच मुळांना नवे बारीक फाटे फुटू लागतात, आणि माती वाळली की ते गळून जातात.

अमेरिकेतल्या अॅरिझोनात आणि शेजारच्या मेक्सिकोत सग्वारो नावाचा निवडुंग वाढतो. बारा मीटर उंची त्याला सहज गाठता येते. त्याच्या खोडावर वरपासून खालपर्यंत उभ्या कडा असतात. पावसानंतर खोड पाण्यानं फुगलं की या कडा पेटीच्या भात्यासारख्या उघडतात आणि दुष्काळात पुन्हा मिटतात, त्यामुळे साल फाटत नाही.

पाणी साठवणं ही मात्र अर्धीच गोष्ट झाली. शाळेत आपण तिथेच थांबतो, पण खरी कमाल तिथून पुढे आहे असं मला वाटतं. झाडाला अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायचा तर रंध्रं, म्हणजे पानावरची किंवा खोडावरची बारीक छिद्रं, उघडावी लागतात, आणि रंध्रं उघडली की आतलं पाणी वाफ होऊन जातं. ऊन दिवसा असतं, म्हणून बहुतेक झाडं रंध्रं दिवसाच उघडतात. चाळीस अंशांच्या उन्हात निवडुंगानं हेच केलं, तर साठवलेलं पाणी किती दिवस पुरणार?

याच्या उत्तराची एक खूण भारतातच सापडली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचं पान चाखून पाहिलं. सकाळी ते आंबट लागलं, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडवट. त्यांचं हे निरीक्षण 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीनं छापलं. त्यामागची रसायनं उलगडायला पुढे शतकाहून जास्त काळ गेला. पानफुटी आणि निवडुंग रंध्रं रात्री उघडतात. गार हवेत पाणी कमी उडतं. आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमध्ये साठवतात. सकाळचा आंबटपणा तो हाच. उजाडलं की रंध्रं बंद. मग त्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि बंद दाराआड उन्हाच्या जोरावर त्याची साखर बनते. घरात पानफुटी असेल तर चाखू नका, तिच्यात विषारी द्रव्यंही असतात. त्यापेक्षा पहाटे आणि संध्याकाळी एकेक पान चुरून पीएच पट्टी लावून बघा. फरक रंगातच दिसेल.

आता आपल्या शिवारातला ऊस घ्या. कार्बन डायऑक्साइड पहिल्यांदा पकडायला तोही निवडुंगासारखंच पेप कार्बोक्झिलेज नावाचं एंझाइम वापरतो आणि तोही आधी मॅलिक आम्लासारखं चार कार्बनचं आम्लच बनवतो. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी 1966 मध्ये उसावर काम करूनच हा मार्ग मांडला. फरक इतकाच, की ऊस पकडण्याचं काम एका पेशीत आणि साखर बनवण्याचं शेजारच्या पेशीत करतो, तेही दिवसाउजेडी. निवडुंग दोन्ही कामं एकाच पेशीत करतो, पण एक रात्री आणि दुसरं दिवसा. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना भात-गव्हासारखी पिकं साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी घालवतात, ऊस-मका 250 ते 300, आणि निवडुंग 50 ते 100. आपल्याकडे उसाला पाणीपिऊ म्हणून नावं ठेवली जातात, पण त्याचं पान पाणी उधळत नाही. तो वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहून प्रचंड वाढतो, म्हणून त्याला एकूण पाणी जास्त लागतं.

निवडुंगाला या काटकसरीची किंमत मोजावी लागते. रात्रभरात आम्ल साठवायला जागा मर्यादितच असते, त्यामुळे वाढ फार हळू होते. आडसाली ऊस दीड वर्षात माणसाच्या दुप्पट उंच होतो. दहा वर्षांचं सग्वारोचं रोप जेमतेम दीड-दोन इंच असतं. दुष्काळ फारच लांबला तर निवडुंग रात्रीही रंध्रं उघडत नाही. स्वतःच्या श्वसनातून सुटलेला कार्बन डायऑक्साइडच पुन्हा पुन्हा वापरतो. वाढ थांबते, पण जीव टिकतो.

पन्हाळ्याच्या बाजूला डोंगरउतारावर आणि कुंपणाला दिसणारा त्रिधारी निवडुंग मात्र वेगळ्याच कुळातला आहे, एरंडाच्या. त्याला खुपलं की पांढरा चीक येतो (डोळ्यात गेला तर इजा होते, जपून), खऱ्या निवडुंगाच्या कुळातल्या फड्या निवडुंगाला येत नाही. दोघांचा सामाईक पूर्वज निवडुंगासारखा नव्हता, तरी दोघंही त्याच रूपाला पोचले: जाड हिरवं खोड, काटे, रात्री उघडणारी रंध्रं. जूनपासून कोसळणाऱ्या आपल्या मुलखात त्याची गरजच काय, असं वाटेल. पण उघड्या कातळावरचं पाणी वाहून जातं आणि दिवाळीनंतर तिथे सात-आठ महिने ओल उरत नाही. एवढा कोरडा काळ त्या रूपाला पुरेसा आहे.

कोल्हापूरकडे कुंडीतले कॅक्टस तहानेनं क्वचितच मरतात, कुजूनच जास्त जातात. वरवरच्या मुळांना हवा लागते, आणि जुलैच्या झडीत चिकट माती दिवसेंदिवस ओली राहते. ड्रॅगन फ्रूटही निवडुंगच, म्हणून ते लावणारे शेतकरी उंच गादीवाफे करतात आणि पाण्याचा निचरा आधी बघतात. घरी अर्धी वाळू किंवा बारीक खडी मिसळा, कुंडी वळचणीखाली सरकवा आणि पावसाळाभर पाणी अगदी बेतानं, माती पूर्ण वाळल्यावरच द्या.